अडाण्याच्या माथी मारलेला शब्द

कामवासना कोणाच्या घरी राहते? ती जातीने राहते, की विद्येने हटते, की मनाच्या सवयीने वाढते? प्रश्न जुना आहे आणि शास्त्रांनी त्याचे उत्तरही दिलेले आहे. पण शास्त्र एक सांगते आणि माणसाची बोली भलतेच सांगून जाते. शास्त्र ऐकायला आपण मुद्दाम बसतो, बोली मात्र चोवीस तास कानांवर पडत असते, आणि म्हणून पुष्कळदा बोलीचेच मत आपले मत होऊन बसते. या प्रश्नाकडे आम्ही या वेळी एका शब्दाच्या वाटेने जाणार आहोत. तो शब्द आपला नव्हे, इंग्रजांचा आहे. पण त्याची कथा ऐकल्यावर वाचकांना ती परकी वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

तो शब्द 'ल्यूड'. आज इंग्रजीत ल्यूड म्हणजे कामुक, चावट, अचकट-विचकट बोलणारा, नको ते हावभाव करणारा. कोणी परस्त्रीपुढे असभ्य वर्तन केले तर वर्तमानपत्रवाले ते 'ल्यूड' वर्तन म्हणतात. कायद्याच्या कागदांतही हा शब्द भेटतो. थोडक्यात, आपण ज्याला विषयलंपट म्हणतो त्याच्या वागण्याला लावायचे हे विशेषण. कोणालाही शिवीसारखेच लागेल, असे.

पण या शब्दाचा जन्म झाला तेव्हा त्यात कामाचा गंधही नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याचे रूप 'लॅवेदे' असे होते आणि अर्थ एवढाच की, जो ख्रिस्ती पुरोहितवर्गातला नाही तो. म्हणजे प्रापंचिक माणूस. शेत करणारा, लोहारकी करणारा, मेंढरे राखणारा, बायकापोरांत राहून देवाला हात जोडणारा. काही विद्वान या शब्दाचे मूळ 'लाइकुस' या लॅटिन शब्दात शोधतात. तो शब्द ग्रीक 'लाओस' पासून आला आणि लाओस म्हणजे लोक, जनता. या व्युत्पत्तीवर सर्वांचे एकमत झालेले नाही. परंतु शब्दाचा पहिला अर्थ 'पुरोहित नसलेला' हा होता, याबद्दल वाद नाही.

आता त्याची उतरंड बघा. त्या काळी इंग्लंडात लिहिणे-वाचणे बहुतेक पुरोहितांच्याच हाती होते आणि धर्माची भाषा लॅटिन होती. तेव्हा जो पुरोहित नाही तो अक्षरशून्य, असे समीकरण सहज बसले. तेराव्या शतकाच्या सुमारास 'ल्यूड' चा अर्थ निरक्षर असा झाला. 'शिकलेले आणि ल्यूड' असा जोडशब्दच त्या काळच्या भाषेत होता आणि त्याचा अर्थ 'सारे लोक' असा घेत. इथवर काही बिघडले नव्हते. पण निरक्षर म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे असभ्य, असभ्य म्हणजे हलका, हलका म्हणजे वाईट चालीचा, आणि वाईट चालीचा म्हणजे कामुक, अशा एकेक पायऱ्या तो शब्द उतरत गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खालच्या पायऱ्यांवरचे अर्थही रूढ होऊ लागले होते. पुढे वरचे अर्थ गळाले आणि तळाचा तेवढा उरला.

या घसरणीचा एक लेखी पुरावा असा आहे की तो पाहून मन थबकते. ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचा भाग आहे. येशूचे शिष्य पीटर आणि जॉन हे जेरुसलेमच्या धर्मसभेपुढे उभे राहून निर्भयपणे बोलले, आणि ही माणसे शिकलेली नाहीत हे पाहून सभेतल्या वडिलधाऱ्यांना नवल वाटले, असा तेथे प्रसंग आहे. पीटर हा जातीचा कोळी, जाळे टाकून पोट भरणारा. १३८० नंतरच्या वर्षांत जॉन विक्लिफ आणि त्याचे सहकारी यांनी बायबल सामान्य लोकांच्या इंग्रजीत आणले. त्यांच्या भाषांतरात या जागी पीटर आणि जॉन यांना निरक्षर आणि 'ल्यूड' माणसे म्हटले आहे. तेथे तो शब्द गौरवाचाच आहे म्हणा ना! पंडितांच्या सभेत अडाणी माणसाच्या तोंडून देव बोलला, असा त्याचा भाव.

पुढे १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले बायबलचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात पीटर आणि जॉन यांच्यावरचा 'ल्यूड' शब्द गेला आणि त्या जागी 'अशिक्षित, अज्ञानी' अशा अर्थाचे शब्द आले. पण 'ल्यूड' शब्द पुस्तकातून गेला नाही. त्याच भागात पुढे थेस्सलनीका गावची हकीगत आहे. बाजारात रिकामटेकडे भटकणारे गुंड जमवून दंगा केला गेला, तेथे त्या गुंडांना तो शब्द लागला. म्हणजे सव्वादोनशे वर्षांत तोच शब्द संताच्या अंगावरून निघाला आणि बाजारगुंडाच्या अंगावर जाऊन बसला. या काळात गरीब निरक्षर माणूस काही बदलला नव्हता. तो आपला नांगर धरीतच होता. बदलला तो त्याच्याकडे पाहणाऱ्याचा डोळा.

याच काळातली आणखी एक साक्ष आहे, आणि ती वारकऱ्यांना विशेष गोड लागेल, कारण ती यात्रेकरूंच्या पुस्तकातली आहे. इंग्लंडात कँटरबरी हे मोठे यात्रास्थान होते. तेथला धर्माध्यक्ष थॉमस बेकेट याला ११७० साली मंदिरातच राजाच्या सरदारांनी ठार मारले. पुढे त्याच्या समाधीला लोक जाऊ लागले, ते १५३८ साली आठव्या हेन्री राजाने ती समाधी मोडेपर्यंत जात राहिले. जेफ्री चॉसर नावाचा कवी १४०० साली वारला. त्याने या कँटरबरीच्या वाटेवरील यात्रेकरूंच्या तोंडी कथा घालून मोठा ग्रंथ रचला. दळणारा, स्वयंपाकी, व्यापारी, पुरोहित, जोगीण, सारे एकत्र चालले आहेत आणि वाट सरावी म्हणून गोष्टी सांगत आहेत.

त्यात दळणारा एक आंबट गोष्ट सांगू लागतो, तेव्हा दुसरा यात्रेकरू त्याला, तुझे हे 'ल्यूड', दारूच्या तारेतले बरळणे पुरे कर, अशा अर्थाने दटावतो. पण गोष्ट कोणाची आहे? एका भोळ्या सुताराची. त्याच्या घरी ऑक्सफर्डच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी भाड्याने राहतो. तो ज्योतिष जाणतो, पुस्तके बाळगतो, आणि त्या सुताराच्या तरुण बायकोवर नजर ठेवतो. दुसरा तिच्यासाठी वेडा झालेला माणूस चर्चमधला कारकून, तोही अक्षरवाला. सुतार बिचारा म्हणतो की, ज्याला आपल्या श्रद्धेपलीकडे काही कळत नाही तो 'ल्यूड' माणूसच धन्य. इथे त्याच्या तोंडी शब्दाचा जुना, निर्मळ अर्थ आहे. आता हिशेब करा. वासना विद्यार्थ्याची, लटपट कारकुनाची, आणि शेवटी हात मोडून लोकांच्या हसण्याचा विषय झाला तो सुतार. कवीने हे मुद्दाम योजले की सहज घडले, तो पंडितांचा विषय. आम्हांला दिसते ते असे की, करणी शिकलेल्याची आणि शब्द अडाण्याचा, हा व्यवहार तेव्हाच सुरू झाला होता.

कोणी म्हणेल, शब्द घसरला तर घसरला, त्याने कोणाचे काय बिघडले? शब्दाने काय फासावर जाते कोणी? तर ऐका. इंग्लंडात खरोखरच या भेदाने माणसे फासावर जात होती. वर सांगितलेला बेकेट राजाशी भांडला तो याच मुद्द्यावर की, गुन्हा केलेल्या पुरोहिताला शिक्षा राजाच्या कोर्टाने द्यायची की धर्माच्या कोर्टाने. त्याच्या खुनानंतर राजाला माघार घ्यावी लागली आणि पुरोहितांना राजाच्या कोर्टातून सूट मिळाली. धर्माच्या कोर्टात फाशी नव्हती. पुढे पुरोहित ओळखायचा कसा, तर वाचता येते त्यावरून. चौदाव्या शतकापासून ज्याला वाचता येई त्याला ही सूट मिळू लागली. कोर्टात त्याच्यापुढे बायबल धरीत, त्याने ओळ वाचली की त्याची मान सुटे. सर्वसाधारण स्त्रियांना तर सतराव्या शतकापर्यंत ही सवलतच नव्हती. १४८९ नंतर जो पुरोहित नाही पण वाचू शकतो, त्याला ही सूट एकदाच मिळे, आणि खूण म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग देत. बेन जॉन्सन हा नामांकित नाटककार १५९८ साली द्वंद्वात एका नटाला मारून बसला, आणि ओळ वाचून, अंगठ्यावर डाग घेऊन जिवंत बाहेर पडला. वाचण्याची ही परीक्षा १७०६ साली बंद झाली आणि सारी सूटच १८२७ साली रद्द झाली. तोवर तोच गुन्हा, तेच कोर्ट, पण अक्षर येणारा घरी आणि 'ल्यूड' माणूस दोरावर, असे शेकडो वर्षे चालले.

आणि वाचायला देत ते काय? बहुधा स्तोत्रसंहितेतल्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ, ज्यात देवाकडे दयेची याचना आहे. मान वाचवणारा म्हणून लोक त्याला 'मानेचा श्लोक' म्हणत. काही निरक्षर लोक तो पाठच करून ठेवीत. आता हे स्तोत्र कोणाचे? परंपरा म्हणते, राजा दाविदाचे. दाविदाने गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा पाहिली, तिला वाड्यात आणविली, आणि तिचा नवरा उरिया याला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. तेव्हा नाथान नावाचा द्रष्टा त्याच्याकडे आला. त्याने दाविदाला एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची गोष्ट सांगितली आणि 'तो श्रीमंत तूच' असे तोंडावर सांगितले. त्या पश्चात्तापात हे स्तोत्र निघाले, असे त्याच्या शिरोलेखातच म्हटले आहे. वाचकहो, या जागी क्षणभर थांबावे. कामाने आंधळा झालेला राजा. त्याच्या पश्चात्तापाची ओळ. ती ओळ वाचता येत नाही म्हणून फासावर चढणारा गरीब. आणि 'कामुक' हा अर्थ चिकटला तो या गरिबाच्या नावाला! राजाच्या नावावरून कामुकाला शब्द पडला नाही.

असे का झाले याचे कारण उघड आहे. शब्दांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या हाती असतो, आणि लेखणी ज्याच्या हाती तो स्वतःच्या वर्गाचे नाव शिवीसाठी कशाला देईल? इंग्रजीत हे एकाच शब्दाचे झालेले नाही. 'व्हिलन' म्हणजे खलपुरुष हे आज सिनेमा पाहणारे पोरही सांगते. पण त्याचा मूळ अर्थ जमीनदाराच्या गावात राबणारा कुळवाडी. 'व्हल्गर' म्हणजे अश्लील, आणि मुळात 'व्हल्गुस' म्हणजे साधी जनता. उलट 'जंटल' म्हणजे सौम्य, सुस्वभावी, आणि त्याचा मूळ अर्थ चांगल्या कुळातला. सद्‌गुण कुळाच्या खात्यावर जमा आणि दुर्गुण कुळवाड्याच्या खात्यावर खर्ची. अशी ही वहीखात्याची तऱ्हा.

इंग्रजांना हसून आपण मोकळे होऊ म्हणाल, तर तशी सोय नाही. आपल्या घरातही हेच भांडे आहे. संस्कृतात 'ग्राम्य' म्हणजे गावचा. अमरकोश उघडून पाहावा. 'अश्लील' शब्दाला पर्याय म्हणून तेथे 'ग्राम्य' दिला आहे, आणि स्त्रीपुरुषसंगाच्या पर्यायांत 'ग्रामधर्म' नव्हे, नेमका 'ग्राम्यधर्म' हा शब्द आहे. जणू शहरात तो धर्म कोणी आचरीतच नाही! मम्मटाच्या काव्यप्रकाशातही ग्राम्य हा काव्याचा एक दोष सांगितला आहे. आता याच्या शेजारी वात्स्यायनाचे कामसूत्र ठेवा. त्यात आदर्श पुरुष म्हणून ज्याची दिनचर्या सांगितली आहे तो 'नागरक', म्हणजे नगरात राहणारा, कलावंत, अत्तर-फुलांचा शोकी, फावला वेळ असलेला सुशिक्षित. कामाचे शास्त्र रचले ते नगराच्या माणसासाठी आणि कामाला नाव दिले ते गावाचे. बोलीत 'गावंढळ' ही शिवी झाली आणि 'नागर' हे भूषण राहिले. तेव्हा कँटरबरीची वाट आणि आपली वाट या बाबतीत फार लांब नाही.

तर मग खरे काय? वासनेचे घर कोणते? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी कामाची तीन ठाणी सांगितली आहेत. इंद्रिये हे पहिले, मन हे दुसरे, बुद्धी हे तिसरे. यात जात नाही, गाव नाही, अक्षरओळख नाही. उलट बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते की, तिसरे ठाणे बुद्धी हे आहे. ज्याने बुद्धी वाढवली, त्याने कामाला राहायला आणखी एक ऐसपैस दालन बांधून दिले, जर त्या दालनात विवेकाचा दिवा लावला नाही तर. अडाण्याची वासना अंगणात येऊन ओरडते, म्हणून दिसते. शिकलेल्याची वासना आतल्या खोलीत बसून कारणे शोधते. ती कलेचे नाव घेते, स्वातंत्र्याचे नाव घेते, कधी कधी तर भक्तीचेही नाव घेते. पंडिताचा काम हा पंडित असतो, एवढाच काय तो फरक.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात विदेहनगरीची पिंगला नावाची वेश्या आहे. द्रव्यवान पुरुषाची वाट पाहत ती मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहिली, कोणी आला नाही, आणि त्या निराशेतच तिला वैराग्य झाले व ती सुखाने झोपली. गुरूंच्या यादीत पिंगला आहे. तिच्या दारी येणारे धनिक मात्र त्या यादीत नाहीत. आपल्या कान्होपात्रेची कथाही तशीच. मंगळवेढ्याच्या नायकिणीची ती मुलगी. लोकांच्या तोंडी तिच्या कुळाला काय नावे असतील ती असोत. परंपरा सांगते की, बिदरच्या बादशहाने तिला दरबारात आणण्यासाठी माणसे धाडली आणि तिने पंढरीरायाच्या पायांशी देह ठेवला. त्या प्रसंगात लंपट कोण होते? नाचणाऱ्या घरात जन्मलेली मुलगी, की सिंहासनावर बसलेला पुरुष? लोकांची बोली आणि लोकांची भक्ती येथे एकमेकींच्या उलट उभ्या राहतात. आणि भक्ती खरी ठरते.

येथे दोन शंका येतील. त्या टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पहिली शंका अशी की, मग विद्येने काहीच होत नाही काय? पोरांना शाळेत कशाला घालायचे? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. विद्येने माणसाला विचार करायला सवड मिळते, आपल्या मनाकडे पाहायला आरसा मिळतो, चांगल्या ग्रंथांचा संग मिळतो. हे थोडे नव्हे. पण आरसा मिळणे निराळे आणि आरशात पाहणे निराळे. तोच आरसा पाठ फिरवून दुसऱ्याच्या तोंडापुढे धरता येतो, आणि 'ल्यूड' शब्दाच्या कथेत झाले ते नेमके हेच. आरसा हाती असणाऱ्यांनी तो स्वतःकडे वळवलाच नाही.

दुसरी शंका उलट बाजूची. मग अडाणी असणे हेच पुण्य काय? आम्ही गावचे, आम्ही भोळे, आमच्यात पाप नाही, असे म्हणून आम्ही पागोटे तिरपे करावे काय? तेही नाही. टाळ गळ्यात असला म्हणून डोळे आपोआप निर्मळ होत नाहीत. दिंडीच्या गर्दीत बायाबापड्यांना धक्का देणारा माणूस निरक्षर असला तरी तो लंपटच, आणि त्याला तसे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. गरिबीने कोणाचे पाप माफ होत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पाप करणाऱ्याच्या करणीला चिकटावे. ते त्याच्या गावाला, जातीला, धंद्याला, अक्षरओळखीला चिकटू नये.

याने व्यवहारात काय फरक पडतो, हेही सांगतो. इंग्लंडात १८६८ साली न्यायाधीशांनी अश्लील पुस्तकाची कसोटी ठरवली ती अशी की, ज्यांची मने अशा वाईट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांच्या हाती ते पडले तर ती मने बिघडतील काय, हे पाहावे. वरवर रास्त वाटते. पण बळी पडणारी मने कोणाची समजत? १९६० साली लंडनमध्ये डी. एच. लॉरेन्सच्या एका कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीवर खटला झाला, तेव्हा सरकारी वकिलाने पंचांना विचारले की, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेले तुम्हांला चालेल काय? वकीलसाहेबांनी स्वतः ते वाचले होते! त्यांचे काही बिघडले नव्हते, बिघडणार ते नोकराचे. पंचांनी प्रकाशकाला निर्दोष सोडले. त्याच कादंबरीवरून मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यांवर झालेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती जुनी कसोटी मान्य केली, आणि २०१४ साली दुसऱ्या एका खटल्यात ती सोडून दिली. पुस्तक चांगले की वाईट, हा येथे विषय नाही. मालक वाचू शकतो आणि नोकर वाचला तर बिघडतो, हा विचार कोठून आला, हा विषय आहे. तो त्या 'ल्यूड' शब्दाच्याच पोटातून आला.

आणि याहूनही जवळचे, रोजचे उदाहरण घ्या. एखाद्या मुलीने घरी येऊन सांगितले की, अमक्या मोठ्या माणसाची नजर चांगली नाही, तर घरचे काय म्हणतात? 'छे, एवढा शिकलेला, मानाचा माणूस, तो कशाला असे करील? तुलाच काहीतरी वाटले असेल.' पण तिने हमालाचे, गड्याचे नाव घेतले असते तर घरचे लगेच काठी घेऊन धावले असते, खरे-खोटे विचारायलाही थांबले नसते. पहिल्या वेळी मुलीवर अन्याय, दुसऱ्या वेळी कदाचित त्या गड्यावर अन्याय. दोन्ही अन्यायांचे मूळ एक. वासना कोणत्या घरी राहते याचा पत्ता आपण आधीच मनाशी लिहून ठेवलेला असतो, आणि तो पत्ता खोटा असतो. वाईट माणसाला याहून चांगली लपायची जागा कोणती? चांगले कपडे आणि शुद्ध भाषा एवढे पांघरले की झाले.

म्हणून वाचकांपुढे आम्ही दोन-तीन साध्या गोष्टी ठेवतो. कोणाच्या वागण्याला नाव ठेवायचे झाले तर वागण्यालाच ठेवावे. 'तसल्या वस्तीतले', 'त्या जातीचे', 'गावंढळ कुठले' अशी पुस्ती जोडू नये, विशेषतः मुलांच्या देखत, कारण शब्दाची पहिली घसरण घरातल्या जेवणाच्या पंगतीतच होते. मुलगी किंवा सून काही सांगू लागली तर ज्याच्याविषयी सांगते त्याची पदवी आधी पाहू नये, तिचे बोलणे आधी ऐकावे. आणि सर्वांत कठीण ते शेवटी. दुसऱ्याला विषयी म्हणण्याआधी गीतेतली ती तीन ठाणी आपल्याच ठिकाणी तपासावीत. डोळा कोठे रेंगाळतो, मन कोठे फिरून फिरून जाते, आणि बुद्धी कोणत्या गोष्टीला सबबी पुरवते. या तिसऱ्या तपासणीत शिकलेल्यांनी विशेष वेळ काढावा, कारण त्यांच्याकडे सबबी अधिक असतात.

आपल्या भाषेत एक शब्द मात्र नीट घडलेला आहे, त्याची आठवण करून थांबतो. तो म्हणजे 'अश्लील'. त्याचे जुने रूप 'अश्रीर', म्हणजे ज्यात श्री नाही ते, शोभा नाही ते. या शब्दाने कोणाच्या गावाकडे बोट दाखवले नाही, कोणाची अक्षरे मोजली नाहीत. करणीत श्री आहे की नाही, एवढेच विचारले. राजाच्या करणीत नसेल तर ती अश्लील, रंकाच्या करणीत नसेल तर तीही अश्लील. हाच माप सर्वांना लावावा, आणि पहिल्यांदा आपल्याला लावावा. असो. शब्द शुद्ध झाला तर दृष्टी शुद्ध व्हायला वाट मिळते, आणि दृष्टी शुद्ध झाल्यावर समोर कोण उभा आहे हे खरे दिसते. त्या वेळी कदाचित आपण ज्याला अडाणी म्हणून बाजूला सारले, त्याच्याच पायांवर डोके ठेवावेसे वाटेल.

रामकृष्णहरी.